चिडीचूप

चोआ चू कांग, सिंगापूर
१० डिसेंबर २०१२

वहिनी, नमस्कार.

सुखरूप पोचलो हे शैलेंद्रनं दादांना फोनवर सांगितलंच आहे. पण निघताना तुम्ही म्हणाला होतात, "मला ते मेलबिल काही जमत नाही, कागदावर लिही, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचता येईल." म्हणून कागद-पेन घेऊन बसलेय. अक्षराला हसू नका, कॉलेज सुटल्यापासून हातानं एवढं लिहिलेलंच नाही.

जाई विमानात छान झोपली. उतरल्यावर मात्र विचारत होती, "मोठी आई कुठंय?" शैलेंद्रनं तिला सरकत्या जिन्यावरून तीनदा वर-खाली फिरवलं तेव्हा विसरली. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, त्यामुळं लिफ्टचं बटण दाबायचं काम आता तिचं. इमारतीखाली मोकळी जागा असते, तिला इथं व्हॉइड डेक म्हणतात, तिथं म्हातारी चिनी मंडळी बसलेली असतात, ती तिला हात हलवतात आणि ती बापाच्या पायामागं लपते.

वहिनी, आठ महिन्यांची पोर तुमच्या पदरात टाकून आले होते आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन आले. सव्वादोन वर्षं! सख्खी बहीण करणार नाही ते जावेनं केलं, असं मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगते. तेव्हा माझे बाबा अंथरुणावर, आई त्यांच्यात अडकलेली, शैलेंद्र तुआसच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, आणि माझी नोकरी नवी. तुम्ही "तू तुझं काम कर, मी बघते" म्हणाला नसतात तर मी काय केलं असतं देव जाणे.

सहा महिने स्काइप नको असं आपलं ठरलंय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पडद्यावर दिसलात तर ती इथं रुळणारच नाही. तुम्ही लगेच हो म्हणालात, मला तर वाटलं होतं रागवाल.

ती वरणभातावर काय खायची? इथं दोन घास खाते आणि तोंड मिटते. आणि झोपताना काय म्हणायचात? सगळं लिहा.

तुमची
ऋग्वेदा


मिरज
२४ डिसेंबर २०१२

चि. ऋग्वेदास मधुमतीचा आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी चष्मा लावून आपलं आपण वाचलं, आणि मग देवघरात ठेवलं. अक्षर काही वाईट नाही हो, डॉक्टरीणबाईंच्या मानानं बरंच आहे.

आता ऐक. वरणभातावर लिंबू पिळायचं आणि तूप तिच्या देखत वाढायचं. आधी वाढून आणलेलं तिला चालत नाही, फसवणूक वाटते. भाकरीचा पापुद्रा वेगळा काढून द्यायचा. भेंडी चिरलेली दिसली तर खात नाही, अख्खी दिलीस तर "हत्तीची सोंड" म्हणून खाते. केस धुताना मान मागं, पुढं वाकवलीस तर घर डोक्यावर घेईल. झोपताना काही म्हणायचं नाही. पाठीवर बोटानं गाईचं चित्र काढायचं. शिंगं काढेपर्यंत झोपते.

एवढं लिहिलं आणि वाटलं, हे सगळं मलाच का माहीत? तूही आईच आहेस, करशील, जमेल. तुझ्या त्या लॅबमध्ये पोरांचं काय उपजत नि काय शिकलेलं याचीच तर मोजदाद करता ना तुम्ही? मग आईची ओढ कुठल्या रकान्यात टाकता, ते मला एकदा कळव. थट्टा करते, मनावर घेऊ नकोस.

घर खायला उठतं. हे सकाळी दोन कप चहा घेतात, पूर्वी जाई अर्धा सांडायची म्हणून तीन करायला लागायचे. परवा चुकून तीनच केले.

शैलेंद्रभाऊजींना सांग, सरकत्या जिन्यावर पोरीचा फ्रॉक सांभाळा.

मधुमती


चोआ चू कांग
८ जानेवारी २०१३

वहिनी,

अख्खी भेंडी चालली! तूपही तिच्या देखत वाढलं. गाईची शिंगं मात्र शैलेंद्रच काढतो, माझा हात पाठीला लागला की ती अंग चोरते.

आता जे लिहितेय ते दादांना वाचून दाखवायला देऊ नका, आधी तुम्ही वाचा.

मी जाईला हाक मारली, की ती हातातलं टाकून निघून जाते आणि बेडरूमच्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून उभी राहते. डोळे गच्च मिटलेले, ओठ गच्च मिटलेले. रडत नाही, ओरडत नाही. मी जवळ जाते, गुडघ्यावर बसते, "जाई, बाळा, ये ना गं, आईकडे बघ ना" म्हणते. जितकी लाडानं बोलावते तितकी ती ताठ होत जाते. शेवटी शैलेंद्र येऊन हात धरतो, मग लगेच सैल पडते आणि खेळायला जाते. जसं काही झालंच नाही.

पहिल्यांदा वाटलं, रुसली असेल. आज पाच आठवडे झाले. प्लेस्कूलमध्येही घंटा वाजली की कधी कधी भिंतीकडे जाते. तिथल्या बाई म्हणाल्या, "मे बी इअर्स गॉट प्रॉब्लेम लाह, बेटर चेक." कान तपासले. उत्तम आहेत.

तुम्ही थट्टेनं विचारलंत की आईची ओढ कुठल्या रकान्यात. वहिनी, आमच्याकडे खरंच दोन रकाने असतात. उपजत आणि शिकलेलं. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना काचेआडून बघायचं आणि टिकमार्क करायचे. माझ्या जाईचं हे वागणं मी मनातल्या मनात उपजतमध्ये टाकलंय. तिला कोणी शिकवलं नाही, सांगितलं नाही, तरी तिच्या अंगालाच कळलंय की हिनं मला टाकलं होतं. माझा आवाज ऐकून ती तोंड फिरवते म्हणजे दुसरं काय?

रात्री शैलेंद्र समजावतो. म्हणतो, तू अति वाचतेस. पण बाकी कुणाच्या हाकेला नाही, माझ्याच! मी काय केलं हे मला माहीत आहे ना. नोकरीसाठी अंगावरची पोर तोडली.

अठ्ठावीस तारखेला मुलांच्या डॉक्टरांकडे जायचंय. ते विचारणारच, हे कधीपासून? म्हणून तुम्हाला विचारते. मिरजेत कधी असं करायची का? एकदा जरी केलं असेल तरी लिहा. मी तुम्हाला बोल लावणार नाही.

ऋग्वेदा


मिरज
१८ जानेवारी २०१३

चि. ऋग्वेदा,

तुझं पत्र आज दुपारी आलं, लगेच उत्तर लिहून स्पीड पोस्टानं टाकते, म्हणजे डॉक्टरांकडे जायच्या आत पोचेल.

इथं असलं काही नव्हतं गं. हसती-खेळती पोर होती, सगळ्या आळीला ठाऊक आहे. भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली मी कधी पाहिली नाही. तिथली हवा मानवत नसेल. एसीत झोपवू नका. मीठमोहऱ्या ओवाळून टाक, तिथं मिळत नसतील तर पाठवते. परक्या देशात दहा जणांच्या नजरा पडतात.

आणि तू स्वतःला दोष देऊ नकोस. टाकली-बिकली काय बोलतेस? लेकरांना एवढं कळत नसतं. आपोआप येईल तुझ्याकडे. थोडे दिवस तिला हाका मारू नकोस, बघ बरं.

जास्त लिहीत नाही. डोळ्यांना त्रास होतोय.

मधुमती


चोआ चू कांग
६ फेब्रुवारी २०१३

वहिनी,

तुमचं पत्र डॉक्टरांकडे जायच्या दोन दिवस आधी हातात पडलं. डॉक्टरांना त्यातलं वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. तिथं असं कधीच नव्हतं, इथं आल्यावर सुरू झालं.

तेच त्यांना आवडलं नाही. जन्मापासूनचं असतं तर स्वभाव म्हणाले असते, निदान थांबून बघू म्हणाले असते. पण तीन वर्षं चांगली असलेली मुलगी अचानक ताठ होते, डोळे मिटते, हाकेला ओ देत नाही आणि दोन मिनिटांनी काहीच आठवत नसल्यासारखी खेळायला लागते, म्हटल्यावर त्यांना शंका आहे की हा झटक्यांचा एक प्रकार असेल. मेंदूत काहीतरी असेल. तसं स्पष्ट नाही बोलले, पण मी यातलीच आहे, मला न बोललेलं कळतं.

२७ तारखेला तिचा मेंदूचा स्कॅन आहे. इतकी लहान मुलं यंत्रात स्वस्थ पडत नाहीत म्हणून भूल देणार. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं. काही सापडलं नाही तरी औषध सुरू करून बघू म्हणतात.

माझ्यामुळं तिनं तोंड फिरवलं असं वाटत होतं तेव्हा रडत होते, आणि आता वाटतं, तसंच असू दे, माझ्यावरचा रागच असू दे, पण डोक्यात काही नसू दे. शैलेंद्र सकाळी बुटाची लेस बांधताना तसाच बसून राहतो.

देवाला तुमच्याकडून एक नारळ ठेवा.

ऋग्वेदा


मिरज
१८ फेब्रुवारी २०१३

ऋग्वेदा,

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय. चार दिवसांत पोचतं म्हणाला तो. तीनदा फोन उचलला, तुझा नंबर ह्यांनी लावूनही दिला, पण तुझा "हॅलो" ऐकायच्या आधीच ठेवला. तोंडानं सांगायची माझी हिंमत नाही.

स्कॅन करू नका. जाईला काही झालेलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभं राहणं मी शिकवलंय.

सगळं सांगते, मध्ये फाडू नकोस.

पहिले सात-आठ महिने दर रविवारी अकरा वाजता तिला नवा फ्रॉक घालून मांडीवर घेऊन कॉम्प्युटरपुढं बसायचे. खरं सांगते, तेव्हा मनात काही नव्हतं. मग एका रविवारी, सव्वा वर्षाची असेल, तू बोलत होतीस आणि ती पुढं झाली नि पडद्यावर तुझ्या गालाला ओठ लावले. तू हसता हसता रडायला लागलीस. तुला आठवत असेल. भाऊजींनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मी मागं बसलेली. कॉल संपल्यावर मी पदरानं ती काच पुसली. का पुसली? लाळ होती म्हणून नाही.

पुढच्या रविवारी म्हटलं, झोपलीय. तू विश्वास ठेवलास. मग सोपं झालं. कधी झोपलीय, कधी शेजारी खेळायला गेलीय, कधी नेट नीट नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा आणून बसवायचे, संशय नको म्हणून. पण ती चालायला लागली, आणि रिंग वाजली की आपणहून तुरुतुरु कॉम्प्युटरकडे धावायची. आता कशी लपवणार? म्हणून खेळ काढला. चिडीचूप.

रिंग वाजली की धावत कोठीच्या खोलीत जायचं. भिंतीला नाक लावायचं. डोळे मिटायचे, तोंड मिटायचं. कोणी कितीही हाका मारल्या तरी वळायचं नाही. मी येऊन हात धरला की खेळ संपला, मग राजगिऱ्याचा लाडू. मी स्वयंपाकघरातून मुद्दाम "जाई, जाई" करून तिला फसवायला बघायचे. एकदाही फसली नाही गं पोर.

आणि ह्यांना ऐकू कमी येतं म्हणून आवाज पूर्ण मोठा केलेला असायचा. तू पडद्यातून ओरडायचीस, "कुठंय माझं बाळ? जाई, ए जाई, आईकडे बघ ना." घरभर ऐकू यायचं. कोठीच्या खोलीत तर सगळ्यात जास्त. तू जेवढी लाडात बोलवायचीस तेवढी ती ताठ व्हायची. तिला जिंकायचं असायचं. तुझा आवाज म्हणजे तिला खेळ आहे, ऋग्वेदा. राग नाही. तिच्या अंगाला काहीही कळलेलं नाही. टाकलं वगैरे काही तिच्या मनात नाही. ते सगळं माझ्या मनातलं होतं.

दीड वर्ष केलं मी हे. दिवाळीत तू आलीस तेव्हा ती चार दिवस माझ्या निऱ्या सोडत नव्हती आणि तू म्हणालीस, "लाजते." मी मान हलवली. ह्यांना माहीत होतं. एकदाच म्हणाले, "मधू, बरं नव्हे हे." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." ते बसले. आम्हाला मूल नाही हे कारण मी देणार नाही. कारण आहे ते, पण देणार नाही.

तू जानेवारीत विचारलंस तेव्हा पहिल्या ओळीतच मला कळलं होतं. तरी खोटं लिहिलं. वाटलं, चार दिवसांत विसरेल पोर, कोणाला कळायचं नाही. आणि माझ्या त्या एका ओळीनं तिला भूल द्यायची वेळ आणली. मीठमोहऱ्या काय सांगत बसले मी! माझीच नजर लागली होती तिला.

हे पत्र डॉक्टरांना दाखव. माझं नाव सांग. काय म्हणायचं ते म्हणू देत.

मधुमती


मिरज
२५ मार्च २०१३

ऋग्वेदा,

महिना झाला. भाऊजी ह्यांना फोनवर "स्कॅन रद्द केला" एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी जेवले.

तू लिहू नकोस, मी मागत नाही. फक्त पोर बरी आहे एवढं एका ओळीत कुणाकडून तरी कळव.

मधुमती


चोआ चू कांग
९ एप्रिल २०१३

वहिनी,

मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं. शैलेंद्रला मी म्हटलं होतं, यापुढं त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. त्याची आई गेल्यावर तुम्हीच त्याला वाढवलंत, तो काय बोलणार?

तुमचं ते कुरिअरचं पत्र त्या शुक्रवारी आलं. खरं वाटेना. म्हणून शैलेंद्रनं आतल्या खोलीत जाऊन मोबाइलवर स्काइपची ती रिंग लावली. जाई माझ्यासमोर जेवत होती. तोंडात घास होता. खुर्चीवरून उतरली, पळत गेली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. घास चावायची थांबली होती. गाल फुगलेला. मी एक शब्द बोलले नाही, जाऊन हात धरला. लगेच वळली, घास गिळला आणि मला म्हणाली, "लाडू?"

वहिनी, त्या "लाडू?"नं मी इतकी रडले. आनंदानं रडले आणि लगेच तुमचा इतका राग आला, की बरं झालं तुम्ही समोर नव्हतात.

डॉक्टर हसले. म्हणाले, सगळ्यात चांगलं निदान. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा तर तुमचाच विषय." मी मान खाली घातली. शिकलेल्या गोष्टीला उपजत म्हणणं ही आमच्यात पहिल्या वर्षाच्या पोरांनी करायची चूक. आणि मी का केली? मला शिक्षा हवी होती म्हणून. पोरीनं मला शिक्षा द्यावी म्हणजे मी मोकळी.

आता माझं ऐका. दीड महिना हेच मनात घोळतंय आणि शैलेंद्रलाही सांगितलेलं नाही.

लॅबमध्ये नवी आई आली की तिच्याकडून चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म मी भरून घेते. त्यातले नऊ प्रश्न झोपेचे. मूल किती वाजता झोपतं, दिवसा किती वेळा, वेळ बदलली का, कधीपासून. एखादी आई म्हणाली की माझं दोन वर्षांचं मूल दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी अकरालाच गाढ झोपतं, तर मी पेन खाली ठेवून विचारलं असतं, असं कसं?

तुम्हाला मी एकदाही विचारलं नाही.

तुम्ही "झोपलीय" म्हणायचात आणि दादा म्हणायचे, "उठवू का?" आणि शैलेंद्र तोंड उघडायच्या आत मी म्हणायचे, "नको नको, झोपू दे." मग तो आणि दादा बोलत बसायचे आणि मी दोन वाजता लॅबमध्ये जायचे. एमआरटीच्या गाडीत बसल्यावर हलकं वाटायचं. ती दिसली की आठवडाभर काम व्हायचं नाही, रडू यायचं, आकडे चुकायचे. नाही दिसली की बरं. दोन हाका मारायच्या, आई असल्यासारखं वाटायचं, आणि निघायचं. तुम्ही तिला भिंतीकडे उभं केलंत, पण मी कधी त्या खोलीत डोकावायला सांगितलं नाही. तुम्ही खोटं बोललात आणि मला ते हवं होतं.

हे लिहून तुमचा गुन्हा कमी होत नाही. माझाही होत नाही.

आता ती हात धरला की येते. जेवते, मांडीवर बसते. पण माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते. हाक मारणं मी सोडलंय, टाळी वाजवते. स्वतःच्या मुलीला टाळी!

तुम्ही शिकवलंत ते तुम्हीच घालवायचं. मी एकटी घालवू शकेन, पण तुम्हाला सुटका देणार नाही. २१ तारखेपासून दर रविवारी तुमच्या अकरा वाजता तुम्ही रिंग द्यायची. ती पळेल. मी कॉम्प्युटर हॉलमध्ये असा ठेवीन की तिची भिंत तुम्हाला दिसेल. तुम्ही तिला हाका मारायच्या. लाडू नाही, शाबासकी नाही. तिच्या लक्षात आलं पाहिजे की रिंग वाजली तर लपायचं काही कारण नाही. किती रविवार लागतील मला माहीत नाही.

ऋग्वेदा


मिरज
१० जून २०१३

चि. ऋग्वेदा,

काल आठवा रविवार झाला. आठ रविवार तुझ्यात-माझ्यात एक शब्द झाला नाही. कॉम्प्युटर लावतेस, बाजूला होतेस, दहा मिनिटांनी बंद करतेस. बरोबर करतेस. पण कालचं तुला कळवल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहिते.

साडेचार महिन्यांनी पोरीला बघणार म्हणून पहिल्या रविवारी मी इरकल नेसून बसले होते. मला पाठ दिसली. "जाई, मी मोठी आई, वळ गं" म्हटलं, तर टाचा जोडून आणखी ताठ झाली. माझंच ऐकत होती ती. मी सांगितलं होतं ना, मोठ्या आईनं हाक मारली तरी फसायचं नाही. कॉल बंद झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही बाहेर जा थोडा वेळ." आणि मग पोटभर रडले.

त्यानंतर साधी साडी नेसून बसत गेले. पाठीवरून पोर ओळखायला शिकले. तिसऱ्या रविवारी मानेवर घामोळं होतं. चौथ्याला तू केस कापलेस. छान दिसतात. पाचव्याला एक मोजा घसरलेला. सहाव्या रविवारी तिनं डोकं खाजवलं, म्हणजे ताठपणा ढिला होतोय हे मला कळलं. सातव्याला रिंग वाजल्यावर धावली नाही, चालत गेली. तू म्हणतेस शिक्षा. असेल. पण त्या दहा मिनिटांसाठी मी आठवडा ढकलते, हेही खोटं कशाला बोलू?

काल मी हाका मारल्या नाहीत. आठवडाभर विचार केला आणि वाटलं, माझी हाक हाच त्या खेळाचा निम्मा भाग आहे. गप्प बसले. तुला वाटलं असेल, बाई दमली. तू थोडा वेळ थांबलीस, मग तिच्या मागं जाऊन खाली बसलीस आणि तिच्या पाठीवर हात ठेवलास. हात धरला नाहीस, ओढलं नाहीस, नुसता ठेवलास. तिनं अंग चोरलं नाही.

मग ती आपणहून वळली. पहिल्यांदाच. डोळे अजून मिटलेले. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. तू लगेच मान वर करून कॉम्प्युटरकडे बघितलंस. माझं तोंड बघायचं होतं तुला. माझ्यावर काय गुदरतंय ते बघायचं होतं. तुझा हक्क आहे तो, मी नजर चुकवली नाही.

पण जाई त्या वेळी माझ्याकडे बघत नव्हती. मी समोर दिसत होते, तरी तिनं आधी मान वळवून तुझ्या तोंडाकडे बघितलं. वळले ते चाललं का, आता काय करू, असं विचारत बघितलं. चांगले पाच-सहा अंक मोजून होतील एवढा वेळ थांबली होती. तुझी हनुवटी दिसली असेल तिला फक्त. मग तिनं मला बघितलं, आणि तू कॉल बंद केलास.

उपजत का शिकलेलं ते तू ठरव. मी तिला हे शिकवलेलं नाही, एवढं देवासमोर सांगते. दोन वर्षं माझ्याजवळ होती, पण असं विचारून तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी माझ्याकडे बघू नकोस.

मधुमती